ख्रिश्चन धर्म कल्ट आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची, कॅथलिक घरातली. हे प्रश्न मला सतत येत असतात, कधी कोणाला खरंच जाणून घ्यायचं असतं, कधी नुसतं डिवचायचं असतं, आणि कधी रात्री एक वाजता मेसेज येतो कारण घरातलं कोणीतरी कुठल्यातरी ग्रुपमध्ये अडकलेलं असतं. दरवेळी नव्याने टाईप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत.

१. कल्ट म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा.

अर्धं भांडण इथेच आहे, कारण एकाच शब्दाचे चार अर्थ फिरतायत आणि बोलणारा एक धरतो, ऐकणारा दुसरा. मूळ लॅटिन शब्द कुल्तुस, म्हणजे निगा राखणं, मशागत करणं, त्यावरून देवाची सेवा, पूजा. समाजशास्त्रवाले बरीच वर्षं हा शब्द नव्या, छोट्या, रूढ परंपरेबाहेरच्या गटासाठी वापरायचे, त्यात शिवी नव्हती. तिसरा अर्थ अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींचा, म्हणजे बायबलवर कडक भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांचा: जो गट स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) वगैरे मूळ शिकवण मानत नाही तो कल्ट, मग तिथली माणसं कितीही सुखात असोत. आणि चौथा बातम्यांमधला, ज्याची आपल्याला भीती वाटते: एक सर्वेसर्वा नेता किंवा छोटं टोळकं, माणसाच्या पैशावर, वेळेवर, नात्यांवर ताबा, आणि बाहेर पडायची वाट बंद. या पानावर मी सगळीकडे हा चौथाच अर्थ धरलाय. 'कल्ट पिक्चर' वगैरे म्हणतात ते अगदीच वेगळं.

२. मराठीत याला पंथ किंवा संप्रदाय म्हणायचं का?

कृपा करून नको. आपल्याकडे पंथ म्हणजे वाट, त्यात काही वाईट नाही, वारकरी संप्रदायाला कोण कल्ट म्हणेल? त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'बुवाबाजी', पण त्यात लबाडी गृहीत धरलेली असते, आणि कल्टमध्ये कधीकधी नेता स्वतःसुद्धा मनापासून ते सगळं मानत असतो, म्हणून तो शब्दही पुरा पडत नाही. मी सरळ कल्टच लिहिते.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाने विसरू नये. 'मानभावी' हा शब्द आपण रोज वापरतो, वरून गोड आणि आतून कपटी अशा अर्थाने. तो शब्द आलाय महानुभावांवरून. चक्रधर स्वामींचा तेराव्या शतकातला पंथ, मराठीतलं आद्य गद्य ज्यांनी दिलं ते लोक. त्यांचे काळपट कपडे, सांकेतिक लिपीत जपलेल्या पोथ्या, वेगळे आचार, यावरून लोकांना संशय आला आणि 'बोलणी मानभावाची, करणी कसाबाची' अशी म्हणच तयार झाली. कित्येक पिढ्या एका अख्ख्या समाजाचं नाव शिवी म्हणून वापरलं गेलं आणि वापरणाऱ्याला पत्ताही नाही. कल्ट हा शब्द कोणाला चिकटवण्याआधी मला दरवेळी हे आठवतं.

३. फिरवाफिरवी नको, ख्रिश्चन धर्म कल्ट आहे का? हो की नाही?

नाही. एवढ्या मोठ्या धर्माला एक नेता नाही, एक शिस्त नाही, एक तिजोरी नाही. कॅथलिकांना पोप आहे, ऑर्थोडॉक्सांना तो मान्य नाही, प्रोटेस्टंटांचे हजारो प्रकार, आणि केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची परंपरा पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. माझ्या शेजारची बाई रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाते, तिचा मुलगा नाताळलाच चर्चमध्ये दिसतो, धाकटी सून देवच मानत नाही, आणि तिघं एका ताटलीतून बोंबील खातात. कल्टमध्ये हे चालत नाही.

पण हे 'नाही' अख्ख्या धर्माबद्दल आहे. एखादं ठराविक चर्च, एखादा प्रेअर ग्रुप, एखादा पास्टर कल्टसारखा वागू शकतो का, तर हो, शंभर टक्के, ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. पण सुरुवातीला तर तो कल्टच होता ना? एक गुरू, बारा शिष्य, घरदार सोडून या...

हा प्रश्न मी टाळत नाही कारण तो प्रामाणिक आहे. त्या काळच्या लोकांना तसंच वाटलं होतं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सुरुवातीचा धर्मप्रचारक पौल याच्यावर कोर्टात जो आरोप होतो तो हाच, की हा नासोरी पंथाचा पुढारी आहे. साधारण ११२ साली आजच्या उत्तर तुर्कस्तानातला रोमन गव्हर्नर प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहितो की या लोकांचं करायचं काय, त्याने दोन दासींना छळ करून विचारलं, या सेविका होत्या त्यांच्यात, आणि हाती काय लागलं तर पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, एकत्र साधं जेवतात. तरीही त्याने शिक्का मारला, अचाट अंधश्रद्धा म्हणून. म्हणजे बघा, समोरचे लोक नवे आणि वेगळे आहेत एवढंच सत्ताधाऱ्याला पुरतं.

दुसरी बाजूही सांगते. लूकच्या शुभवर्तमानात आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही असं कडक वाक्य आहे, आणि जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीत लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवत होते. ही वचनं आजही वाईट हातात पडली की हत्यार होतात, माझ्या मावसबहिणीला पहिलं वाक्य रोज ऐकवलं जायचं (प्रश्न ६). पण त्याच जमिनीच्या गोष्टीत येशूचा शिष्य पेत्र, जमीन विकून थोडे पैसे लपवणाऱ्या हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते, म्हणजे द्यायची सक्ती नव्हती, दोष खोटं बोलण्याचा होता. हे अर्धं वाक्य मात्र असले ग्रुप कधी वाचून दाखवत नाहीत.

५. 'कल्ट जुना झाला की धर्म होतो' हे फॉरवर्ड येतं, बरोबर आहे का?

थोडंसंच. काळ गेला की काही गोष्टी खरंच बदलतात: मूळ नेता जातो, त्याच्या लहरीच्या जागी लिहिलेले नियम येतात, लोक जन्माने आत येतात म्हणून थंड, कोमट, उकळते सगळे प्रकार एकत्र नांदायला लागतात, आणि बाहेर जाणं ही बातमी राहत नाही.

पण नुसतं वय आणि आकार म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं, मध्ये थोडा खंड सोडला तर अडीचशे वर्षं. तेव्हा ख्रिस्ती धर्म दीड हजार वर्षं जुना होता, राजा पाठीशी होता, आणि तरी माणसं घरात तुळस ठेवली, जुने सण पाळले म्हणून पकडली जात होती. मी त्याला कल्ट म्हणत नाही, कारण तो शब्द तिथे फार छोटा आहे, ती राजसत्तेची जुलूमशाही होती आणि तिला तिच्या नावानेच ओळखावं. सगळ्या वाईटाला कल्ट म्हटलं तर काही वाईट हलकंच होऊन जातं.

६. मग ओळखायचं कसं? काही खुणा आहेत का?

आहेत, आणि त्यांचा अभ्यासही झालाय. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या कम्युनिस्ट 'विचारसुधारणे'तून गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये आठ लक्षणं मांडली. पुढे स्टीव्हन हसन, जो स्वतः युनिफिकेशन चर्च या कोरियात सुरू झालेल्या गटातून बाहेर पडला, त्याने वागणूक, माहिती, विचार आणि भावना या चार गोष्टींवरचा ताबा अशी चौकट दिली. जाणकारांमध्ये यावर वाद आहेत, पण घरच्या माणसाला बघायला ती कामाची आहे.

मी ते एका वहीत बघितलं. माझी मावसबहीण एका प्रार्थना ग्रुपमध्ये गेली (नाव लिहीत नाही). तिच्याकडे दोनशे पानी लाँगबुक होती, पट्टीने आखलेले रकाने: किती वाजता उठले, किती वेळ प्रार्थना, फोनवर कोणाशी बोलले, कोणाबद्दल मनात वाईट विचार आला. दर रविवारी ताई म्हणून जी लीडर होती ती हिरव्या पेनाने सही करायची, आणि जिथे घरच्यांशी जास्त बोलणं झालं असेल तिथे गोल काढायची. आजी गेल्यावर महिन्याने होणाऱ्या मिस्साला ही आली नाही, कारण त्या दिवसाची परवानगी मिळाली नव्हती. सख्ख्या आजीच्या मिस्साला परवानगी. त्या दिवशी मावशीने तिचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ते संध्याकाळी तसंच उचललं.

ग्रुप काय मानतो ते मी शेवटी बघते. आधी हे विचारते की चुकलं तर नेत्याला कोण विचारू शकतं, पैशाचा हिशोब कुठे दिसतो, बाहेरची पुस्तकं-बातम्या-मित्र चालतात का, आणि उद्या हा माणूस 'मला नाही यायचं' म्हणाला तर त्याचं काय होईल. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा.

७. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देता, नरकाची भीती घालता, हे ब्रेनवॉश नाही तर काय?

बाळाला आपण भाषा, जेवण, आडनाव सगळं न विचारता देतो, धर्मही त्यातच येतो, मुंजीत आणि सुंतेतही तेच. बघायचं एवढंच की ते मूल मोठं होऊन 'हे मला पटत नाही' म्हणालं तर जेवायला बसवता की दार लावता. आमच्याकडे कळत्या वयात दृढीकरण असतं, तिथे मूल स्वतःच्या तोंडाने होकार देतं, पण खरं सांगायचं तर त्या वयात नकार देणं सोपं नसतं आणि हे चर्चने मान्य करायला हवं.

नरकाचं म्हणाल तर लहान मुलाला झोपताना भीती घालणं चूकच, कुठल्याही धर्मात. मला स्वतःला कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात ऐकलेल्या आगीची स्वप्नं पडायची, आणि मी माझ्या मुलीला ती गोष्ट सांगितलेली नाही.

८. पगाराचा दहावा हिस्सा घेतात ते?

दशांश. बायबलमध्ये आहे, बरीच प्रोटेस्टंट चर्चेस शिकवतात, कॅथलिकांमध्ये अशी ठरलेली टक्केवारी नाही. मनाने दिला आणि वर्षाअखेरी मंडळीसमोर हिशोब वाचला तर हरकत नाही. सॅलरी स्लिप दाखवा म्हणाले, कर्ज काढून द्या म्हणाले, नाही दिला तर आजारपण येईल म्हणाले, की मग उठायचं तिथून.

९. कन्फेशन म्हणजे लोकांची गुपितं काढून त्यांना मुठीत ठेवणंच की?

शंका रास्त आहे, कारण कल्टमध्ये कबुलीजबाब हे मोठं हत्यार असतं आणि लिफ्टनच्या आठ लक्षणांत ते आहे. फरक नियमात आहे. कॅथलिक कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरने कोणालाही सांगायचं नाही, मुद्दाम फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो, लिहून ठेवायचं नाही, त्याचा कुठेही वापर करायचा नाही, आणि तुम्ही जाळीमागून नाव न सांगता, दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाऊनही करू शकता. वहीत लिहून घेतात, सगळ्यांसमोर बोलायला लावतात, नंतर भांडणात तेच तोंडावर मारतात, ते कन्फेशन नव्हे. तरीही एखाद्या फादरने आडवेतिडवे, नको ते प्रश्न विचारले तर उठून यायचा पूर्ण हक्क आहे.

१०. मोठ्या, मान्यताप्राप्त चर्चच्या आत कल्ट असू शकतो का?

असू शकतो, आणि हे कळत नाही म्हणूनच लोक फसतात. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानाच्या जंगलात जोन्सटाऊनला आणि आसपास ९१८ माणसांचा जीव गेला, त्यात ३०० हून जास्त मुलं. ती जिम जोन्स या पास्टरच्या पीपल्स टेंपल या गटाची वसाहत, आणि हा गट डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या प्रतिष्ठित अमेरिकन चर्चशी अधिकृतपणे जोडलेला होता. पाटी मेनस्ट्रीमची होती. आत पासपोर्ट काढून घेतले जात होते.

कॅथलिक चर्चमध्ये लीजन ऑफ ख्राइस्ट हा संघ मार्सियाल मासियेलने १९४१ मध्ये मेक्सिकोत काढला. त्यातल्या लोकांना एक खासगी व्रत घ्यावं लागायचं की वरिष्ठांवर टीका करणार नाही आणि कोणी केली तर कळवीन. त्या व्रताच्या आड संस्थापकाने मुलांवर अत्याचार केले, आणि त्या अत्याचारांसाठी रोमने त्याच्यावर कारवाई केली ती थेट २००६ मध्ये. ते व्रत २००७ मध्ये रद्द झालं. मी कॅथलिक आहे आणि हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे झालंय.

केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये ४०० हून जास्त मृतदेह निघाले, उपास करून येशूला भेटाल असं सांगितलेले लोक. तो पास्टर कुठल्या मोठ्या चर्चचा नव्हता, स्वतःचंच दुकान. म्हणून पाटी मोठी असो की छोटी, प्रश्न ६ मधले प्रश्न विचारायचेच.

११. बॉस्टनमध्ये फादर लोकांचे अत्याचार लपवले, तरी तुम्ही चर्चला कल्ट म्हणत नाही?

म्हणत नाही, आणि पांघरूणही घालत नाही. बॉस्टन ग्लोबने २००२ मध्ये बाहेर काढलं की दोषी फादरना बिशप लोक एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदली करत होते, त्या वर्षअखेर बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. हा गुन्हा आहे आणि गुन्हा लपवणंही गुन्हाच. पण बघा, ते बाहेर कसं आलं: पीडितांनी कोर्टात जाऊन, वर्तमानपत्राने कागद मागून, आणि साध्या कॅथलिक लोकांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून ओरडून. त्यातले बरेच पुढच्या रविवारी मिस्सालाही गेले. ही मोठी संस्था सडण्याची पद्धत आहे. पोलिसांत, शाळांत, क्रीडा संघांत हेच दिसतं, आणि इलाज तोच: पोलीस, कोर्ट, उघडे कागद. पीडिताला मात्र हा शब्दांचा कीस ऐकवू नका (प्रश्न १५).

१२. यहोवाचे साक्षीदार, मॉर्मन, ते तरी कल्ट ना?

हे दोन्ही अमेरिकेत सुरू झालेले गट, स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. इव्हँजेलिकल अर्थाने त्यांना तसं म्हटलं जातं, शिकवण वेगळी म्हणून, तो अर्थ मी सोडलाय (प्रश्न १). यहोवाच्या साक्षीदारांमध्ये एक गोष्ट मला खरंच खुपते, बाहेर काढलेल्या माणसाशी, कधीकधी जवळच्या नातेवाइकांनीही, बोलणं तोडायचं. ते दार जड आहे. आणि रक्त न घेण्याचा नियम, तो लहान मुलावर आला की मी कायद्याच्या बाजूने.

त्याचवेळी हेही आठवा की केरळात राष्ट्रगीताला शांत उभी राहणारी पण न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली, आणि सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. ती मुलं यहोवाच्या साक्षीदारांची होती. वेगळं असणं हा गुन्हा नाही हे त्या निकालामुळे तुमच्या-माझ्यासाठीही पक्कं झालं.

मॉर्मन लोकांनी बहुपत्नीत्व १८९० मध्ये अधिकृतपणे थांबवायचं ठरवलं. जे फुटून निघाले त्यातला एक नेता, वॉरन जेफ्स, अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी २०११ पासून जन्मठेप भोगतोय. एकाच झाडाच्या दोन फांद्या, आणि दोघींना एकच शब्द लावता येत नाही.

१३. भारतात कल्टविरुद्ध कायदा आहे का? आणि फक्त ख्रिश्चनांबद्दलच का बोलता?

कल्ट अशी व्याख्या आपल्या कायद्यात नाही, आणि मला ते बरं वाटतं, नाहीतर सरकार ठरवणार कोणाची श्रद्धा खरी. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर किती वर्षं झिजले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत अध्यादेश निघाला. तो श्रद्धेला हात लावत नाही, ठराविक कृत्यांना लावतो, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा, जात किंवा समाजाच्या पंचायतीने वाळीत टाकलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा. जपाननेही असंच केलं, शिंझो आबे यांच्या २०२२ मधल्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्चने लोकांकडून कसे पैसे उकळले ते पुढे आलं, तेव्हा दबाव टाकून देणगी घेण्याविरुद्ध कायदा झाला.

आणि फक्त ख्रिश्चन का, तर मला विचारतात म्हणून. पुण्यातून अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या ओरेगॉनमधल्या वसाहतीतल्या लोकांनी १९८४ मध्ये हॉटेलातल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजाबाहेर काढण्यावर बंदी आणली होती, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर ती १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टात रद्द झाली, आणि तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांकडे पाठवला गेला. बोहरा समाज काही कल्ट नाही. पण ज्याला काढलं त्याला दफनाची जागा मिळेना, हे दुःख खरंच होतं.

१४. माझी बहीण एका ग्रुपमध्ये गेलीय, तिला तोंडावर 'हा कल्ट आहे' सांगू का?

नको. आम्ही हीच चूक केली. मावशीने रडून, काकांनी ओरडून 'तू कल्टमध्ये आहेस' म्हटलं आणि ताईने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की घरचे असंच म्हणतील, म्हणजे आमच्यामुळे ताईचा शब्द खरा ठरला. पुढचे आठ महिने फोन नाही. मग मावशीने वाद बंद केला आणि फक्त साध्या गोष्टींचे मेसेज पाठवायला लागली, शेवग्याला फुलं आली, मांजरीने पिल्लं घातली. एक दिवस उत्तर आलं, किती पिल्लं? तिथून सुरुवात झाली.

संपर्क तोडू नका, धर्मग्रंथावर वाद घालू नका, तिने सोडलेल्या मैत्रिणींना सांगून ठेवा की ती आली तर जुनं काढू नका, आणि पैसे, औषधं किंवा लहान मुलं यात असतील तर मात्र थांबू नका, वकील आणि पोलीस.

१५. मी कट्टर चर्चमध्ये वाढलो, बाहेर पडलो, घरच्यांनी तोडलं. माझ्यासाठी तो कल्टच होता. तुम्ही कोण मला चुकीचं ठरवणार?

कोणीच नाही. तुम्ही जे भोगलं त्याला तुम्ही जे नाव द्याल ते माझ्यासाठी बरोबर. वर मी जे लिहिलंय ते करोडो माणसांना एका शिक्क्यात बसवण्याबद्दल आहे, तुमच्या घराबद्दल नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या सिस्टरांनी त्यांना जवळ केलं त्यांच्याशीच पत्रांतून भांडल्या, की माझ्या सदसद्विवेकाचा ताबा मी पाद्र्यांना देणार नाही. त्या ख्रिस्तीच राहिल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तुम्ही तसंच रहावं असं मी म्हणत नाहीये, पूर्ण बाहेर जाणंही तितकंच तुमचं आहे.

गावाने किंवा समाजाने मिळून वाळीत टाकलं असेल तर प्रश्न १३ मधला २०१६ चा कायदा बघा. आणि नुसतं बोलायचं असेल तर मेसेज करा, चर्चमध्ये परत या असं मी म्हणणार नाही.